बाळ रडते तेव्हा: तीन महिन्यांपर्यंतचे रडणे आणि त्यानंतरचे

घरात महिना-दीड महिन्याचे बाळ असले की तिन्हीसांजेची वेळ अनेकदा त्याच्या रडण्यानेच ओळखली जाते. दूध पाजून झालेले असते, लंगोट कोरडा असतो, अंगाला ताप नसतो, तरीही बाळ मुठी आवळून, पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन रडत राहते. मग घरातील आणि शेजारची माणसे आपापले निदान सांगू लागतात. कोणी दृष्ट लागली म्हणते, कोणी आईने वातुळ खाल्ले म्हणते, कोणी दूधच पुरत नसेल अशी शंका काढते. डिचोली तालुक्यातील सुर्ला, पाळी, वेळगे या खाणपट्ट्यातील गावांत काय किंवा पेडण्याच्या वाड्यांत काय, या संवादात फारसा फरक पडत नाही. त्यातून बाळंतिणीच्या मनात दोन प्रश्न उरतात. माझे काही चुकते आहे का, आणि एवढे रडणारे मूल पुढे कसे होईल?

या दोन्ही प्रश्नांवर गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगभर बरेच संशोधन झाले आहे. त्यातील एक महत्त्वाचा धागा गोव्यात, म्हापशाच्या सरकारी इस्पितळात, विणला गेला आहे. त्या संशोधनाचा निष्कर्ष बहुतेक पालकांना दिलासा देणारा आहे. मात्र काही मोजक्या बाळांच्या बाबतीत तो सावधही करतो. हा दिलासा कोणासाठी आणि सावधगिरी कोणासाठी, हे समजून घेणे गरजेचे आहे.

रडण्याचा आलेख

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ८० निरोगी बाळांच्या रडण्याच्या दैनंदिन नोंदी प्रसिद्ध केल्या. मातांनी घरी ठेवलेल्या या नोंदींतून एक ठळक आकृती समोर आली. दोन आठवड्यांचे बाळ दिवसाकाठी साधारण पावणेदोन तास रडत होते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास हे प्रमाण पावणेतीन तासांवर गेले आणि बाराव्या आठवड्यापर्यंत तासाभरावर किंवा त्याहून खाली आले. म्हणजे रडणे आधी वाढते, शिखर गाठते आणि मग आपोआप उतरते. दिवसाच्या इतर वेळांपेक्षा संध्याकाळी ते अधिक असते.

पुढे २०१७ मध्ये डीटर वोल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विविध देशांतील ८ हजार ६९० बाळांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. पहिल्या सहा आठवड्यांत बाळे दिवसाला सरासरी सुमारे दोन तास रडत वा कुरकुरत होती. दहा ते बारा आठवड्यांच्या वयात ही सरासरी ६८ मिनिटांवर आली. अतिरडण्याच्या व्याख्येत बसणाऱ्या बाळांचे प्रमाण पहिल्या सहा आठवड्यांत १७ ते २५ टक्के होते. दहा ते बारा आठवड्यांत ते एक टक्क्याच्याही खाली उतरले. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांत हे शिखर जन्मतारखेऐवजी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या सहाव्या आठवड्याच्या आसपास येते. यावरून रडण्याचा हा चढउतार मेंदूच्या परिपक्वतेशी जोडलेला असावा, असे मानले जाते.

हा प्रकार केवळ पाश्चात्त्य संगोपनपद्धतीतून आला असावा, अशी शंका कोणी घेईल. कॅनडातील संशोधक रोनाल्ड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये कलाहारी वाळवंटातील कुंग सान समाजातील बाळांविषयीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. तेथे बाळ जवळजवळ सर्व वेळ आईच्या अंगाशी असते, तासाला अनेक वेळा दूध पिते आणि रडू लागताच त्याला प्रतिसाद मिळतो. तरीही सुरुवातीच्या महिन्यांतील रडण्याचे शिखर तेथेही आढळले. फरक एवढाच होता की रडण्याचे प्रत्येक सत्र छोटे होते. सारांश, उत्तम सांभाळलेले बाळही रडते. अंगाशी घेतल्याने त्याचे रडणे आखूड होऊ शकते, पण ते पूर्णपणे टाळता येत नाही.

'अति' कशाला म्हणायचे?

१९५४ साली अमेरिकेतील मॉरिस वेसल यांनी एक ठोकताळा मांडला. दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यात तीनहून अधिक दिवस आणि सलग तीनहून अधिक आठवडे रडणाऱ्या, अन्यथा निरोगी बाळाला 'कॉलिक' आहे असे त्यांनी म्हटले. आपल्याकडील डॉक्टरही हा शब्द वापरतात. घरगुती भाषेत त्यालाच पोटशूळ म्हणतात. २०१६ मध्ये तज्ज्ञांनी ठरवलेल्या 'रोम ४' निकषांत घड्याळावरचा भर कमी करण्यात आला. पाच महिन्यांखालील बाळ उघड कारण नसताना वारंवार, दीर्घकाळ रडत असेल, ते समजावूनही शांत होत नसेल, आणि त्याच वेळी त्याचे वजन नीट वाढत असून ताप किंवा आजार नसेल, तर त्याला कॉलिक म्हणावे, असे हे निकष सांगतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. कॉलिक हे वर्णन आहे, आजाराचे कारण नव्हे. बाळ पाय पोटाशी घेते, त्याचे पोट टणक लागते आणि वारा सरतो, म्हणून मूळ पोटातच असल्याचे आपण मानतो. प्रत्यक्षात जोराने रडताना कोणतेही बाळ असेच अंग आवळते आणि रडता रडता हवा गिळते. त्यामुळे पोटातील वारा अनेकदा रडण्याचा परिणाम असतो. अतिरडणाऱ्या बाळांपैकी थोड्यांना गाईच्या दुधातील प्रथिनांची अ‍ॅलर्जी असते. काहींच्या आतड्यांतील जिवाणूंची घडण वेगळी आढळली आहे. पण बहुसंख्य बाळांत कोणताही दोष सापडत नाही. झोप आणि जाग, भूक आणि तृप्ती, उत्तेजना आणि शांतता यांमधील बदल स्वतःहून साधण्याची क्षमता त्यांच्यात अजून यायची असते. ती पहिल्या तीन-चार महिन्यांत येते आणि रडणे उतरते.

डॉक्टरांकडे केव्हा न्यावे?

अतिरडणे निरुपद्रवी ठरवण्याआधी आजार नाही याची खात्री करावी लागते. तीन महिन्यांखालील बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक ताप असेल तर थांबू नये. हिरवी उलटी, शौचातून रक्त, दूध पिण्यास नकार, टाळू फुगलेली दिसणे, श्वासाला त्रास, झटके, लघवीचे प्रमाण एकदम घटणे, बाळ मलूल पडणे, रडण्याचा आवाज अचानक कर्कश किंवा अगदी क्षीण होणे, ही लक्षणे दिसताच तत्काळ रुग्णालय गाठावे. मधूनमधून कळ आल्यासारखे किंचाळून रडणे आणि मध्ये पांढरेफटक पडणे, हे आतड्यात आतडे शिरल्याचे चिन्ह असू शकते. जांघेत गाठ आली असेल तर हर्निया अडकल्याची शक्यता असते.

याशिवाय बाळाचे सर्व कपडे उतरवून एकदा नीट पाहावे. बाळंतपणानंतर आईचे केस गळतात. असा एखादा केस किंवा दुपट्याचा धागा बाळाच्या पायाच्या बोटाभोवती घट्ट गुंडाळला जाऊन बोट सुजल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. मनगटातील मणी किंवा कमरेचा करगोटा रुतला आहे का, हेही तपासावे.

सुर्ल्यासारख्या गावातील कुटुंबाला पहिली तपासणी साखळी किंवा डिचोलीच्या सरकारी आरोग्य केंद्रात करून घेता येते. पुढील उपचारांसाठी म्हापशाचे उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. वर सांगितलेल्या तातडीच्या लक्षणांत मात्र १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

रडणारे मूल पुढे कसे होते?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. ज्या बाळांचे अतिरडणे पहिल्या तीन-चार महिन्यांत थांबते, त्यांच्यासाठी संशोधनाचा कौल आश्वासक आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी कॉलिक झालेल्या मुलांचा दोन-तीन वर्षांच्या वयापर्यंत पाठपुरावा केला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध केले. वर्तन आणि स्वभाव यांबाबत ही मुले इतर मुलांपेक्षा वेगळी आढळली नाहीत. स्कँडिनेव्हियातील बालकांवरील, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही केवळ कॉलिक झालेल्या मुलांची बुद्धिमत्ता पाचव्या वर्षी इतरांइतकीच होती.

त्याच अभ्यासाने सावधगिरीची बाजूही पुढे आणली. ज्या मुलांचे अतिरडणे तीन महिन्यांनंतरही चालू राहिले, त्यांचा बुद्ध्यांक पाचव्या वर्षी सरासरी नऊ गुणांनी कमी होता. अशा मुलांची संख्या या अभ्यासात फारच थोडी होती. म्हणून या आकड्याकडे इशारा म्हणून पाहावे, भविष्यवाणी म्हणून नव्हे. इंग्लंडमध्ये दीर्घकाळच्या रडण्यासाठी उपचाराला आणलेल्या ६४ मुलांचा आठ ते दहा वर्षांच्या वयापर्यंत मागोवा घेण्यात आला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात समवयस्क मुलांच्या तुलनेत त्यांच्यात अतिचंचलतेचे प्रमाण बरेच अधिक आढळले. २०११ मध्ये २२ पाठपुरावा-अभ्यासांतील १६ हजार ८४८ मुलांची माहिती एकत्रित तपासली गेली. बालवयात रडणे, झोप किंवा आहार यांच्या चिवट तक्रारी असलेल्या मुलांत पुढे आक्रमकता, अवज्ञा, अतिचंचलता अशा वर्तनसमस्या अधिक दिसल्या. रडणे, न झोपणे आणि न खाणे या तक्रारी एकाच मुलात एकत्र आल्या किंवा घरातील परिस्थिती मुळातच ताणाची असली, तर ही जोखीम आणखी वाढत होती.

या निष्कर्षांतून 'रडण्यामुळे मेंदूला इजा होते' असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. काही मुलांत जन्माच्या वेळी गुदमरणे, मुदतपूर्व जन्म किंवा मज्जासंस्थेचा एखादा दोष असतो. दीर्घकाळचे रडणे आणि पुढची अडचण ही दोन्ही त्याच मुळाची फळे असतात. काही मुलांचा स्वभावच अधिक संवेदनशील असतो. तिसरा मार्ग घरातून जातो. सतत रडणाऱ्या बाळामुळे थकलेली, खचलेली आई आणि तिला मिळणारा अपुरा आधार यांचाही मुलाच्या पुढील वर्तनाशी संबंध असतो. नेदरलँड्समधील अ‍ॅम्स्टरडॅम शहरात झालेल्या मोठ्या अभ्यासात हाच मार्ग तपासण्यात आला. तेरा आठवड्यांच्या वयात अतिरडणाऱ्या बाळांत पाच-सहा वर्षांच्या वयात मनःस्थिती आणि वर्तन यांच्या समस्यांची शक्यता सुमारे दुप्पट होती. पण या वाढीचा काही भाग आईला जाणवणाऱ्या संगोपनाच्या ओझ्यामार्फत आणि तिच्या चिडून वागण्यामार्फत येत होता. बाळाचा स्वभाव आपल्या हातात नसतो. आईचे ओझे हलके करणे मात्र घराच्या आणि समाजाच्या हातात असते.

म्हापशातील अभ्यास काय सांगतो?

येथेच गोव्याचा संदर्भ येतो. 'संगत' ही संस्था १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झाली. तिच्याशी निगडित डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि डॉ. नंदिता डिसोझा यांनी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'आझिलो'त, प्रसूतीसाठी नाव नोंदवलेल्या २७० स्त्रियांचा अभ्यास केला. बार्देशबरोबरच पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील अनेक कुटुंबे याच इस्पितळाकडे जातात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रासलेल्या आढळल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींचे नैराश्य सहा महिन्यांनंतरही कायम होते. आर्थिक ओढाताण आणि पतीशी बिघडलेले संबंध ही प्रमुख कारणे होती. मुलगी झाली की मुलगा, याचाही परिणाम दिसला.

पुढच्याच वर्षी या गटाने बाळांविषयीचे निष्कर्ष मांडले. नैराश्यग्रस्त मातांची ३० टक्के बाळे सहा महिन्यांची असताना वजनात फारच मागे होती; इतर मातांच्या बाळांत हे प्रमाण १२ टक्के होते. बौद्धिक विकासाच्या चाचणीतही ही बाळे मागे पडत होती. हा अभ्यास रडण्यावरचा नव्हता. पण त्याची वेळ ध्यानात घेण्यासारखी आहे. मातांच्या नैराश्याची तपासणी झाली ती सहाव्या ते आठव्या आठवड्यात, म्हणजे नेमकी बाळाच्या रडण्याचे शिखर येते त्या काळात. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुलगी अनेकदा याच सुमारास सासरी परतते. मालीश करणारे, रात्री बाळाला घेऊन फिरणारे हात मागे राहतात आणि रडणारे बाळ तेवढे सोबत येते.

खाणपट्ट्यात आर्थिक ओढाताण हा शब्द नवा नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रक, बार्जेस, गॅरेज, खानावळी अशा अनेक घरांचे उत्पन्न एकाएकी आटले. अशा काळातही घरांत बाळे जन्माला येतच होती. म्हापशाच्या अभ्यासातील कारणांची यादी अशा घरांनी आणि त्यांच्याशी संबंध येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी विसरू नये, एवढेच येथे सुचवायचे आहे.

बाळागोळीपासून ड्रॉप्सपर्यंत

रडणारे बाळ गप्प करण्याची घाई किती दूर नेते, याचे एक दुःखद उदाहरण मराठी मुलखाच्या इतिहासात आहे. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना 'बाळागोळी' देत. तिच्यात अफू असे. गिरणीतील पाळीच्या वेळात मूल झोपून राहावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी या स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांना कामगार स्त्रियांच्या शंभरपैकी ९८ बाळांना अफू दिली जात असल्याचे आढळले होते. या कामगारांत कोकणातून गेलेली कुटुंबे मोठ्या संख्येने होती. अफूने बाळ शांत होते, कारण तिच्यामुळे त्याचा श्वास आणि भूक दोन्ही मंदावतात. दोष त्या मातांना देता येत नाही. दिवसभराच्या कामात बाळ ठेवायला जागा नव्हती आणि सांभाळायला माणूस नव्हते.

आज बाळागोळी राहिली नाही, पण वृत्ती उरली आहे. पोटदुखीवरील डायसायक्लोमाइन हे औषध सहा महिन्यांखालील बाळांना देऊ नये, असे वैद्यकशास्त्र स्पष्टपणे सांगते. त्याने श्वास बंद पडण्याचा धोका असतो. तरीही घरातील मोठ्या मुलाची उरलेली बाटली लहानग्यासाठी उघडली जाते. वारा जिरवणाऱ्या सिमेथिकॉनच्या थेंबांचा उपयोग चाचण्यांत साध्या पाण्यासारख्या निष्क्रिय औषधापेक्षा अधिक दिसलेला नाही. ग्राइप वॉटरचा जन्म १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये झाला आणि त्याच्या मूळ मिश्रणात मद्यार्क होता. आजच्या बाटल्यांत तो नसला, तरी ग्राइप वॉटरने कॉलिक थांबतो असा भक्कम पुरावा नाही.

बाळगुटीविषयी आपल्या घरांत आदर आहे. मुरुडशेंग, वेखंड, हळकुंड, सुंठ, हिरडा, जायफळ सहाणेवर उगाळून देण्याची ही रीत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. परंतु उगाळलेल्या द्रव्याची मात्रा दर वेळी वेगळी असते, जायफळ अधिक झाल्यास गुंगी येते, आणि सहाण व पाणी स्वच्छ नसल्यास जुलाब होतात. काही पारंपरिक मिश्रणांत शिसे आढळल्याच्याही नोंदी आहेत. गुटीत मध घातला जात असेल तर धोका आणखी वाढतो. वर्षाखालील बाळाला मधातून बोट्युलिझम हा जीवघेणा विकार होऊ शकतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये, या जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत गुटी आणि वरचे पाणीही आले.

कशाने उपयोग होतो?

बाळाला उचलून घेतल्याने ते लाडावते, हा समज पहिल्या काही महिन्यांपुरता तरी सोडून द्यावा. कॅनडात १९८६ मध्ये झालेल्या चाचणीत बाळ रडो वा न रडो, त्याला रोज अधिक वेळ अंगावर घेणाऱ्या मातांच्या बाळांचे रडणे सहाव्या आठवड्यात ४३ टक्क्यांनी कमी आढळले. कॉलिक सुरू झाल्यानंतर मात्र नुसत्या उचलून घेण्याचा तेवढा गुण येत नाही, असे पुढील चाचण्यांत दिसले. म्हणून ही सवय आधीपासून लावलेली बरी. खांद्यावर घेऊन संथ फिरणे, मंद उजेड, एकसुरी गुणगुणणे, पाळण्याची हलकी झोके देणारी लय, पाजल्यावर ढेकर काढणे, हे आपल्या आज्या करत आल्या आणि त्यात गैर काही नाही. एका वेळी एकच उपाय थोडा वेळ करून पाहावा. दर मिनिटाला उपाय बदलल्याने बाळ अधिक बिथरते.

फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांत 'लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी' या उपकारक जिवाणूच्या थेंबांनी रडणे कमी होते, असे २०१८ मधील एकत्रित विश्लेषणात दिसले. वरच्या दुधावरील बाळांत तसा फायदा सिद्ध झालेला नाही. हे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावेत. दुधाच्या अ‍ॅलर्जीची शंका असल्यास आईने दूध आणि दुधाचे पदार्थ दोन आठवडे बंद करून फरक पाहावा, हेही डॉक्टरांशी बोलूनच. 'वातुळ' म्हणून डाळ, भाजी, फळे सरसकट तोडण्याला आधार नाही. त्याने बाळंतीण तेवढी अशक्त होते. तसेच रडण्याला घाबरून स्तनपान बंद करू नये. वजन नीट वाढते आहे आणि लघवी भरपूर होते आहे, तर दूध पुरते आहे असे समजावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कितीही संताप आला तरी बाळाला गदागदा हलवू नये. तान्ह्या बाळाची मान दुबळी आणि डोके जड असते. काही सेकंदांच्या हलवण्याने मेंदूत आणि डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव होऊन मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व येऊ शकते. अशा इजेने रुग्णालयात आणलेल्या बाळांची वये पाहिली तर तोही आलेख रडण्याच्या आलेखासारखाच चढतो आणि उतरतो. ज्या क्षणी सहन होत नाही असे वाटेल, त्या क्षणी बाळाला पाठीवर, सुरक्षित जागी झोपवावे आणि दुसऱ्या खोलीत जावे. पाणी प्यावे, दीर्घ श्वास घ्यावा, कोणाला तरी हाक मारावी आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पाहावे. तेवढा वेळ रडल्याने बाळाचे काही बिघडत नाही. हे वडिलांना, आजीआजोबांना आणि बाळ सांभाळणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

सहावा आणि चौदावा आठवडा

बाळाचे लसीकरण सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात होते. यातील पहिली भेट रडण्याच्या शिखरावर येते आणि तिसरी भेट रडणे ओसरून गेलेले असायला हवे त्या वेळी. आरोग्य व्यवस्थेला यासाठी वेगळी मोहीम आखावी लागणार नाही. सहाव्या आठवड्याच्या लशीला आलेल्या आईला परिचारिकेने सांगावे की हे रडणे आता कळसाला आहे आणि ते उतरणार आहे. बाळाला हलवू नका, गुंगीचे काही देऊ नका. चौदाव्या आठवड्यात तिलाच विचारावे, की बाळ अजून तेवढेच रडते का? झोपते का, पिते का? आणि तुम्ही कशा आहात?

या शेवटच्या प्रश्नाला उत्तर म्हणून डोळ्यांत पाणी आले तर तीही नोंद घ्यावी. इतर राज्यांत आशा सेविका घरोघरी जाऊन नवजात बालकांना भेटतात. गोव्यात आशा सेविकांचे जाळे नसल्याने ही जबाबदारी आरोग्य केंद्रातील परिचारिका आणि अंगणवाडी सेविका यांच्यावर येते. ज्या बाळांचे अतिरडणे चार महिन्यांपुढे जाते, त्यांचा विकास नीट तपासायला हवा. आवाजाकडे वळणे, नजर धरणे, हसणे, मान सावरणे हे टप्पे माता-बाल संरक्षण कार्डावरही दिलेले असतात. २०१३ पासून देशभर सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा हेतूच असे विलंब लवकर ओळखण्याचा आहे. वेळेत ओळखलेल्या अडचणीवर उपचार आणि पालकांचे मार्गदर्शन यांचा गुण येतो.

मातांसाठीही मदत दूर नाही. 'संगत'च्या संशोधकांनी गोव्यात गरोदर आणि बाळंत स्त्रियांच्या नैराश्यावर स्थानिक, बिगरवैद्यकीय महिलांनाच प्रशिक्षण देऊन समुपदेशन करवले. २८० स्त्रियांचा समावेश असलेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात माफक पण खरा फायदा दिसला. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असणे, कशातच रस न वाटणे, बाळ झोपले तरी झोप न लागणे, बाळाविषयी किंवा स्वतःविषयी वाईट विचार येणे, असे होत असेल तर आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना सांगावे. 'टेलिमानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते.

तीन महिन्यांच्या आतले रडणे हे बहुतेक बाळांच्या वाढीचा एक टप्पा असते आणि ते मागे काही ठेवून जात नाही. त्यापुढे रेंगाळणारे रडणे ही विचारपूस करण्याची खूण आहे. ती विचारपूस बाळाची जितकी, तितकीच बाळंतिणीचीही व्हावी. रात्री दोन वाजता रडणारे बाळ तिच्या हातातून घेऊन तासभर तिला झोपू देणारा नवरा, सासू किंवा नणंद त्या घरासाठी कोणत्याही ड्रॉप्सपेक्षा अधिक मोलाची आहे.